जुन्या पुस्तकाची पारख

प्रश्न : पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात आणि मुंबईत फोर्टमध्ये गेल्यावर जुन्या व सवलतीच्या पुस्तकांचे ढीग चाळल्याशिवाय मला राहवत नाही. अनेक वर्षे शोधत असलेले पुस्तक अचानक हाती लागले की तहानभूक हरपते. पण त्या आनंदाच्या भरात सदोष प्रत घेतली जाईल, अशी धास्तीही वाटते. काय तपासावे? शिवाय इतक्या स्वस्तात पुस्तक घेणे हा लेखकावर अन्याय तर नाही ना?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो. जुन्या प्रतीवरचे मानधन तिच्या पहिल्या विक्रीच्या वेळीच हिशेबात आलेले असते, त्यामुळे ती घेताना संकोच नको. काही वेळा प्रकाशक गोदामात पडून राहिलेल्या प्रती कमी दरात काढून टाकतो, तर काही वेळा विक्रेता स्वतःच्या कमिशनातून सवलत देतो. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली मुंबईत सुरू केलेल्या आणि २०१८ साली बंद झालेल्या ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ची ख्याती अशा सवलतीवरच उभी होती, आणि सुंदराबाई सभागृहात भरणाऱ्या त्यांच्या प्रदर्शनाची वाट पाहणारे वाचक लेखकांचे शत्रू नव्हते. अन्याय होतो तो पदपथावरच्या चोरट्या छपाईत. पुसट अक्षरे, उडालेले रंग आणि नव्या पुस्तकाची अशक्य वाटावी इतकी कमी किंमत दिसली, तर ती प्रत खाली ठेवावी.

आता तपासणीविषयी. सवलतीच्या ढिगातील प्रतीत एखादा फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा जुडगा, गळालेला, उलटा लागलेला किंवा दोनदा शिवलेला असू शकतो. म्हणून पृष्ठांक सलग आहेत ना, हे दुकानातच पाहावे. त्यानंतर मुद्रणाची नोंद वाचावी. जुन्या पुस्तकांत पुष्कळदा केवळ शक दिलेला असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो आणि वर्षाच्या अखेरच्या सुमारे तीन महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात, म्हणजे शके १८३० हे १९०८-०९ होय. छापील किंमत रुपये-आण्यांत असेल, तर पुस्तक बहुधा १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वीचे किंवा त्या सुमाराचे, ‘न. पै.’ (नवे पैसे) असेल, तर त्यानंतरच्या काही वर्षांतले.

पहिल्या आवृत्तीचे वेड मात्र मला फारसे पटत नाही. लेखकाने स्वतः सुधारलेली, नवी प्रस्तावना जोडलेली पुढची आवृत्ती वाचनासाठी कित्येकदा अधिक मोलाची असते, आणि ती स्वस्तही मिळते! पहिल्या पानावरील ‘सप्रेम भेट’ हा मजकूर मी दोष मानत नाही. ग्रंथालयाचा शिक्का असेल, तर मात्र प्रत रीतसर बाद केल्याची नोंद शोधावी आणि ती नसेल, तर विक्रेत्याला विचारावे.

घरी आणलेले पुस्तक लगेच कपाटात लावू नये. मऊ कुंचल्याने शिवणीतली धूळ काढून ते काही दिवस हवेशीर सावलीत वेगळे ठेवावे आणि कसर किंवा वाळवीची खूण दिसत नाही, याची खात्री करून घ्यावी. ओल आली म्हणून कडक उन्हात टाकल्यास जुना कागद अधिकच ठिसूळ होतो.