टक्के आणि मोलॅरिटीचा घोळ

प्रश्न: हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या बाटलीवर ३७% लिहिलंय. मी लिटरला ३७० ग्रॅम धरून ३६.४६ने (त्याच्या एका मोलचं वजन, ग्रॅममधे) भागलं तर मोलॅरिटी, म्हणजे एका लिटरमधले मोल, १०.१ आली, पुस्तकात मात्र १२ आहे. कुठे चुकलं?

उत्तर: भागाकार बरोबर आहे तुमचा, घोळ त्या ३७%मधे आहे. ते टक्के वजनाचे, म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात ३७ ग्रॅम, १०० मिलिलिटरमधे नाही, आणि मोलॅरिटी तर लिटरवर मोजतात, मग मधे घनता घ्यावीच लागते. लेबल नीट बघा, घनतेचा १.१९च्या आसपास आकडा असेल (ग्रॅम प्रति मिलिलिटर). म्हणजे एक लिटर ॲसिडचं वजन ११९० ग्रॅम, त्याचे ३७% साधारण ४४० ग्रॅम, भागिले ३६.४६, आले १२.१ मोल.

मोलॅलिटी, म्हणजे एक किलो पाण्यामागे किती मोल, हवी असेल तर भागायचं फक्त पाण्याच्या वजनाने. ११९०मधून ४४० गेले, उरले ७५० ग्रॅम, म्हणून १२.१ भागिले ०.७५, जवळपास १६.१. बघा किती फरक पडला!

ही चूक खूप जणांची होते, कारण पाण्यातल्या अगदी पातळ द्रावणात एक लिटर म्हणजे जवळजवळ एक किलोच, तिथे पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) आणि मिलिग्रॅम प्रति लिटर सारखेच धरले तरी चालतं आणि मग तीच सवय इथेही लागते. कडक ॲसिडला ती चालत नाही.