खाजन शेतीवर प्रवेशाचा निबंध होईल का?

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेत शिकते. पर्यावरण अभियांत्रिकीसाठी अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांतील विद्यापीठांत अर्ज करण्याचा विचार आहे. माझ्या निबंधात स्पर्धांतील बक्षिसे, ‘लहानपणापासून निसर्गाची आवड’ वगैरे सारे आले आहे. परंतु त्यात मी कुठेच दिसत नाही, असे आमच्या शिक्षिका म्हणतात. आमची थोडी खाजन शेती, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेली नदीकाठची भातशेती, आहे. त्यावर निबंध होईल का, आणि तोच दोन्हीकडे चालेल का? – एक विद्यार्थिनी, दिवाडी

उत्तर : निबंध होईल, आणि बक्षिसांच्या यादीपेक्षा नक्कीच सरस होईल. अमेरिकेच्या अर्जात बक्षिसांसाठी स्वतंत्र रकाने असतात. तीच माहिती निबंधात पुन्हा भरली तर जागा वाया जाते. मात्र ‘गोव्याची खाजन परंपरा’ असा माहितीपर लेखही लिहू नये. नदीकाठची सखल जमीन, तिला भरतीपासून राखणारा मातीचा बांध, आणि भरती चढताच आपोआप मिटणारी व ओहोटीला उघडणारी मानशीची, म्हणजे बांधातील पाण्याच्या वाटेची, लाकडी दारे, एवढे दोन वाक्यांत सांगितले की परक्या वाचकाला पुरते.

त्यापुढे तुम्ही दिसायला हव्यात. खेकड्यांनी बांधाला पाडलेली भोके वेळीच बुजवली नाहीत तर खारे पाणी शेतात शिरते, हे तुम्ही पाहिले असेल. मानशीवर मासळी धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो आणि जास्त मासळीच्या लोभाने दारे उघडी राहिली की भाताचे नुकसान होते, हा वादही कानांवर आला असेल. त्या वादात आधी तुम्हाला कोणाचे पटत होते, पुढे कशामुळे मत हलले, मातीतला खारेपणा मोजून पाहावासा वाटला का, याची उत्तरे प्रथम मराठीत किंवा कोकणीत, जशी सुचतील तशी लिहून काढा. तुम्ही विचार कसा करता हे निवड करणाऱ्यांना त्यांतूनच कळेल. जे घडले नाही ते मात्र रचू नका. प्रत्येकाने संकटावर मात केलेली असलीच पाहिजे, असा कोणताही नियम नाही.

दोन्हीकडे एकच मजकूर चालणार नाही. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे स्वीकारतात त्या ‘कॉमन ॲप’ अर्जातील मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो आणि त्यात व्यक्ती म्हणून तुमची ओळख अपेक्षित असते. ब्रिटनमधील विद्यापीठांचे प्रवेश-अर्ज हाताळणाऱ्या ‘यूकास’ या संस्थेच्या अर्जात २०२६च्या प्रवेशांपासून सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न आहेत : हाच विषय का, शालेय अभ्यासाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शाळेबाहेर काय केले. तिन्ही उत्तरे मिळून मोकळ्या जागांसह ४००० कॅरॅक्टरची मर्यादा असून प्रत्येक उत्तर किमान ३५० कॅरॅक्टरचे हवे. तेथे भर विषयाच्या अभ्यासावर असतो. म्हणून खाजनाचा अनुभव बहुधा तिसऱ्या उत्तरात, आणि तोही रसायनशास्त्रात शिकलेल्या एखाद्या गोष्टीशी जोडून यावा. यांतील प्रत्येक मजकूर त्या-त्या अर्जात तुम्ही निवडलेल्या सर्व विद्यापीठांकडे जातो, तेव्हा त्यांत कोणा एका विद्यापीठाचे नाव घालू नका.

पैसे घेऊन निबंध लिहून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये. ‘यूकास’ प्रत्येक निवेदन इतर निवेदनांशी ताडून पाहते आणि साम्य आढळल्यास विद्यापीठांना कळवते. मसुदा त्याच शिक्षिकांना दाखवा. फक्त वाक्ये त्यांनी बदलून देऊ नयेत, कुठे अर्थ लागत नाही तेवढ्यावर खूण करावी, अशी विनंती करा.