चारही चाकं फिरतात, तरी गाडी हलत नाही

या वेळी पत्रं बरीच आली आणि जवळपास सगळी बर्फाबद्दलच. घरोघरी जाऊन रुग्ण पाहणारी परिचारिका म्हणून अकरा हिवाळे मी एका छोट्या ऑल-व्हील-ड्राइव्ह हॅचबॅकमधून फिरले. इंजिन लहान, टायर अरुंद, पोट जमिनीपासून जेमतेम 15 सेंटिमीटर वर. बर्फ पडला म्हणून कुणाचं इन्सुलिन थांबत नाही, त्यामुळे जावं लागायचंच. त्या गाडीने जे शिकवलं तेच इथे सांगते आहे.

प्रश्न: ताई, नोकरीसाठी आलो त्या ठिकाणी हिवाळ्यात गुडघाभर बर्फ पडतो. म्हणून मुद्दाम छोटी ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली. विकणारा म्हणाला, चारही चाकांना ताकद मिळते, स्नो टायर घ्यायची गरज नाही. चढावर गाडी खरंच मस्त चालते. पण परवा उतारावर ब्रेक दाबला तर गाडी तशीच घसरत थेट चौकाच्या मध्यात जाऊन थांबली. आडवं कुणी आलं नाही म्हणून निभावलं. गाडीत दोष आहे की माझं चालवणं चुकतंय?

उत्तर: गाडीत दोष नाही आणि तुमचंही फारसं चुकलेलं नाही. तुम्हाला दिलेला सल्ला चुकीचा होता, आणि असा सल्ला जीवावर बेतू शकतो, म्हणून सविस्तर लिहिते.

ऑल-व्हील-ड्राइव्हचं काम एकच, इंजिनाची ताकद दोनऐवजी चार चाकांना वाटून देणं. गाडी जागेवरून सुटताना, चढ चढताना त्याचा खरोखर उपयोग होतो. पण ब्रेक तर साध्यातल्या साध्या गाडीतही चारही चाकांना असतात. त्यामुळे थांबताना तुमची गाडी आणि शेजाऱ्याची टू-व्हील-ड्राइव्ह गाडी यांच्यात काही फरक नाही. उलट तुमची गाडी इतकी सहज सुटते, इतका सहज वेग घेते की रस्ता किती निसरडा झालाय हे तुम्हाला कळतच नाही. ते कळतं पहिल्या ब्रेकला. तुम्हाला नेमकं उतारावर कळलं.

थोडा हिशेब मांडते. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण 12 ते 13 मीटरमध्ये थांबते. दबून घट्ट झालेल्या बर्फावर हेच अंतर 40 मीटरच्या घरात जातं आणि काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर 100 मीटरच्या आसपास. हे सगळं सपाट रस्त्यावर, आणि पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत गाडी जेवढी पुढे जाते ते न धरता. उतारावर अंतर आणखी वाढतं.

म्हणून आधी टायर. साध्या टायरचं रबर तापमान 7 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की कडक व्हायला लागतं. स्नो टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत शेकडो बारीक चिरा असतात. त्या चिरांत बर्फ भरून बसतो आणि हा बसलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो. हातात बर्फाचा गोळा वळताना दाबला की एकमेकांना चिकटतो, तसंच. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह बघून घ्या. ते बर्फावर चाचणी झालेल्या टायरलाच मिळतं. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ती फक्त नक्षीबद्दलची ओळख आहे, तिच्यावर विसंबू नका. नक्षीची खोली 4 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बर्फात झपाट्याने निकामी होत जातो, मग कायद्याने तो चालत असला तरी.

आणि कृपा करून चारही टायर एकदम बदला, एकाच जातीचे. पुढे स्नो टायर आणि मागे साधे, अशी गाडी वळणावर मागून सुटते आणि गरकन फिरते. शिवाय कमीजास्त झिजलेल्या टायरांचे फेरे जुळत नाहीत, त्याचा ताण पुढची-मागची चाकं जोडणाऱ्या कपलिंगवर सतत पडत राहतो. हवाही तपासत जा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण 1 पीएसआयने कमी होते, म्हणजे शरद ऋतूत भरलेली हवा ऐन थंडीत कमीच भरते.

आता तो उतार. उतरायला लागण्याआधी खालचा गिअर टाका आणि गाडीला इंजिनाने धरू द्या. ब्रेक हलका, सरळ रस्त्यावर, वळण यायच्या आधी. घसरायला लागलीच तर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबून ठेवा आणि जिथे जायचंय तिकडे स्टेअरिंग वळवा. पेडल पायाखाली थडथडतं, करकर आवाज येतो, त्याला घाबरून पाय काढू नका, ते एबीएसचं कामच आहे.

एक सवय मला फार उपयोगी पडली. रोज सकाळी पहिल्या रिकाम्या, सरळ रस्त्यावर आरशात मागे कुणी नाही हे बघायचं आणि ताशी 20 च्या वेगात एकदा ब्रेक दाबून बघायचा. आजचा रस्ता कसा आहे ते तीन सेकंदांत समजतं. कारण आपण मराठीत सगळ्यालाच बर्फ म्हणतो, पण चाकाखालचे बर्फ निराळे असतात. कडक थंडीत, उणे 15 अंशांना, पायाखाली कुरकुर वाजणारा कोरडा बर्फ चाकाला बऱ्यापैकी धरतो. सगळ्यात दगाबाज शून्याच्या आसपासचा, वर पाण्याचा पातळ थर असलेला. दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठलेला रस्ता नुसता ओला दिसतो. थंडी कमी झाली म्हणून आपण निर्धास्त होतो, त्याच दिवशी जास्त जपायला हवं.

प्रश्न: ताई, नमस्कार. माझी छोटी ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी गल्लीतल्या ताज्या बर्फात रुतली. चारही चाकं गरगर फिरत होती, गाडी जागची हलेना. थोड्या वेळाने जळका वास आला, समोर दिवा लागला आणि मागची चाकं फिरायचीच बंद झाली. अर्ध्या तासाने सगळं आपोआप पूर्ववत. गाडी बिघडली आहे का? आणि अशा वेळी करायचं काय?

उत्तर: तुमचं पत्र वाचताना मला माझी एक रात्र जशीच्या तशी आठवली.

एका आजींचा ऑक्सिजन संपत आला होता. त्यांच्या घराकडे जाणारी शेवटची दोनशे मीटरची गल्ली साफ झालेली नव्हती, गुडघ्याच्या थोडा खाली बर्फ. मला वाटलं, वेग ठेवला तर निघून जाईन. पहिले तीस-चाळीस मीटर गाडी छान गेली, बोनेटवरून पांढरी पूड उडत होती. मग स्टेअरिंग एकदम हलकं झालं. गाडीचं नाक किंचित वर आलं. चाकांची खरखर थांबली आणि त्या जागी एक गुळगुळीत, सूं असा आवाज यायला लागला. मी एक्सलरेटर आणखी दाबला, आणि तिथेच चुकले. उतरून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर गाडी पोटावर बसली होती. पोटाखाली बर्फाचा दाबून घट्ट झालेला ओटा आणि चारही चाकं आपापल्या खळग्यात, खळग्यांचा तळ फिरून फिरून आरशासारखा चकचकीत. सिलिंडर खांद्यावर घेऊन चालत गेले. आजींची सोय झाल्यावर परत आले आणि गाडी काढायला दीड तास लागला.

छोट्या गाडीची मर्यादा इथे आहे. ताकद कितीही चाकांना द्या, गाडीचं वजन चाकांवरून उतरून पोटावर आलं की चाकांना धरायला काही उरत नाही. बर्फ पोटाच्या उंचीपेक्षा खोल असेल तर त्यात शिरू नका, एवढा नियम पाळलात तरी पुष्कळ. कोरडा, पिसासारखा बर्फ असेल तर थोडं जास्त खपून जातं, कारण तो बाजूला उडतो. ओला, जड बर्फ पोटाखाली साचतो आणि गाडीला उचलतो. बर्फ हटवणाऱ्या गाडीने रस्त्याकडेला लोटलेला बांध तर कधीच अंगावर घेऊ नका. लांबून तो मऊ दिसतो, पण आत गोठलेली ढेकळं असतात. तो आधी फावड्याने फोडायचा, मग गाडी न्यायची.

जळक्या वासाबद्दल. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत एरवी पुढचीच चाकं गाडी ओढतात आणि ती घसरली की मधलं कपलिंग मागच्या चाकांना जोडून घेतं. या कपलिंगमध्ये क्लचच्या पातळ चकत्या असतात. चाकं बराच वेळ नुसती फिरत राहिली की त्या तापतात आणि गाडी स्वतःला वाचवण्यासाठी मागची चाकं सोडून देते. थंड झालं की पुन्हा जोडते. तुमच्या गाडीने हेच केलं असावं. दिवा गेला आणि पुन्हा लागला नाही तर काळजीचं कारण नाही, तरी पुढच्या सर्व्हिसिंगला सांगून ठेवा. जुन्या पद्धतीत ही अडचण नव्हती, दुसरी होती. 1983 साली आलेल्या पहिल्या फियाट पांडा फोर बाय फोरमध्ये मागची चाकं दांडा ओढून हाताने जोडावी लागत. इवलीशी गाडी, पण स्टायर-पुख कंपनीची यंत्रणा असलेली, आणि डोंगराळ भागातले लोक अजून तिचं नाव प्रेमाने काढतात. फक्त कोरड्या रस्त्यावर दांडा परत टाकायला विसरून चालत नसे, नाहीतर वळताना सगळी यंत्रणा पिळली जाई. तुमची गाडी हाताने जोडायची असेल तर हे लक्षात ठेवा.

रुतल्यावर पहिली गोष्ट, एक्सलरेटरवरून पाय काढा. चाकाचा प्रत्येक फुकट फेरा खळगा खोल करतो आणि त्याचा तळ घोटून गुळगुळीत करतो. मग सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, त्यानंतरच बाकीचं खणणं. गाडीतली रबरी मॅट बाजूला अंथरून तिच्यावर आडवं व्हा आणि लहान फावड्याने पोटाखालचा बर्फ ओढून काढा. हे कंटाळवाणं काम आहे, बहुतेक जण ते टाळून नुसते चाकांपुढे खणत बसतात आणि म्हणूनच गाडी निघत नाही. पोट सुटलं की चाकांपुढे-मागे हातभर वाट करा, खळग्याचा चकचकीत तळ फावड्याच्या धारेने खरवडून खडबडीत करा, वाळू असेल तर टाका. चाकाच्या कमानीत दाबून बसलेला बर्फही काढा, नाहीतर स्टेअरिंग पुरतं वळत नाही.

आता चाकं सरळ ठेवा. ट्रॅक्शन कंट्रोल बटणाने बंद करा, कारण चाक घसरलं की ते इंजिनाची ताकद कापतं आणि इथे थोडं घसरणं लागतंच. बाहेर पडलात की लगेच चालू करा. मॅन्युअल गाडी असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अलगद सोडत निघा. हातभर पुढे, मग हातभर मागे, असं झुलवत झुलवत गाडी स्वतःची वाट दाबून घट्ट करते. ज्या वाटेने आत आलात त्याच वाटेने मागे निघायचा प्रयत्न आधी करा, ती आधीच दबलेली असते. चाकाखाली मॅट घातली असेल तर कुणालाही गाडीच्या पुढे-मागे उभं राहू देऊ नका, मॅट जोरात भिरकावली जाते.

प्रश्न: ताई, वादळात रस्त्यातच अडकलो, सोबत लहान मूल आहे. हीटरसाठी इंजिन चालू ठेवून बसावं का?

उत्तर: हे मी परिचारिका म्हणून अगदी कळकळीने लिहिते आहे. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर गाडीखाली कोंडतो आणि आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, मग पेंग येते, आणि थंडीत थकलेल्या माणसाला वाटतं की साधी झोप येतेय. लहान मुलांवर परिणाम लवकर होतो.

इंजिन सतत चालू ठेवू नका. तासाला दहा मिनिटं पुरेत. प्रत्येक वेळी सुरू करण्यापूर्वी बाहेर उतरून सायलेन्सर मोकळा करा, वारा ज्या बाजूने येतो त्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर खाली ठेवा. कुणाचं डोकं दुखायला लागलं की इंजिन बंद, दारं उघडी, आणि मदतीला फोन. गाडी सोडून चालत निघू नका. वादळात माणूस हरवतो, गाडी सापडते. पांघरुणं, कोरडे मोजे, फावडं आणि बॅटरी मागच्या डिकीत ठेवू नका, सीटवर हाताशी ठेवा. डिकीचं दार गोठलं की उघडत नाही. टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका.

प्रश्न: बर्फातून बाहेर येऊन मोठ्या रस्त्याला लागले की साधारण 60 च्या वेगात स्टेअरिंग जोरात थरथरतं. अलाइनमेंट करून घेतली, फरक नाही.

उत्तर: चाकांच्या रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. तिथे बर्फाचा गोठलेला गोळा चिकटलेला असणार, आणि तो चाकाच्या एकाच अंगाला असल्यामुळे तोल जातो. गाडीतल्या लाकडी दांड्याने ठोकून काढा, चारही चाकांचा. आणि घरी पोहोचल्यावर हॅन्डब्रेक ओढून ठेवू नका, ओल्या केबल रात्रीत गोठतात आणि सकाळी चाक सुटत नाही. सपाट जागा बघून गिअरमध्ये लावा, चाकाला ओंडका द्या.