फाउंड्रीला सीएसआर लागू झाला, हा नुसता खर्च की धंद्यालाही उपयोग?

तुम्ही लिहिलंय की मेहुण्यांची कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत प्रायव्हेट लिमिटेड फाउंड्री, म्हणजे धातू ओतकामाचा कारखाना आहे, गेल्या वर्षी नफा ५ कोटींच्या वर गेला, सीएंनी सीएसआर, म्हणजे नफ्यातला वाटा समाजाच्या कामावर खर्च करण्याचं बंधन, लागू झाल्याचं सांगितलं आणि मेहुणे त्याला ‘आणखी एक कर’ म्हणतायत.

आधी आकडा मांडून बघा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करायचे असतात. नफा ३, ४ आणि ५ कोटी असेल तर सरासरी ४ कोटी, म्हणजे ८ लाख. रक्कम ५० लाखांच्या आत आहे, त्यामुळे वेगळी समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ठरवू शकतं. धंद्याचा खर्च म्हणून प्राप्तिकरात वजावट मात्र मिळत नाही. मेहुण्यांचा राग त्यावर असेल तर तो मला पटतो.

आता महत्त्वाचं. साच्यांची वापरून झालेली वाळू, भट्टीचा धूर, सांडपाणी यांचा बंदोबस्त सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. दुसऱ्या कायद्याने जे करणं बंधनकारकच आहे ते यात धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पंचगंगेचं पाणी पिणाऱ्या गावांना आधी वह्या वाटून मग वाळू ओढ्याकाठी टाकणाऱ्याबद्दल लोक काय बोलतात, ते गावात जाऊन ऐका. घर आधी साफ, मग दानधर्म.

पैसे कुठे घालावेत? माझं मत विचाराल तर जवळच्या आयटीआयमध्ये. कोल्हापुरात ऑर्डर आहे पण चांगला मोल्डर, म्हणजे साचे बनवणारा कारागीर, मिळत नाही, ही तक्रार उद्यमनगरपासून गोकुळ शिरगावपर्यंत ऐकू येते. तिथल्या कार्यशाळेला यंत्र द्या, सुरक्षा साधनं द्या, जुन्या कारागिराला शिकवायला पाठवा. वर्ग सगळ्या पोरांना खुला हवा. फक्त स्वतःच्या कामगारांचं प्रशिक्षण सीएसआरमध्ये बसत नाही. शिकलेली काही पोरं कागलच्या कारखान्यात जातील. जाऊ देत, तिथली काही तुमच्याकडेही येतील. राजर्षी शाहूंच्या काळात, १९०१ पासून, इथे बोर्डिंगं उभी राहिली आणि खेड्यातली पोरं शहरात राहून शिकली. त्याची फळं हे गाव अजून खातंय.

दुसरी जागा म्हणजे पूर. २०१९ आणि २०२१ ला पाणी चढल्यावर मदतीचे ट्रक भरभरून आले. पण शिरोळ तालुक्यातल्या गावाला बोट आणि लाइफ जॅकेट मे महिन्यातच हवं असतं. तेव्हा विचारायला फारसं कुणी जात नाही. सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांची जी यादी कंपनी कायद्यात आहे, तिच्यात आपत्ती व्यवस्थापन आहे.

धंद्याचा फायदा हळूहळू दिसतो. बड्या वाहन कंपन्या आणि परदेशी ग्राहक हल्ली पुरवठादाराला पर्यावरण, कामगार आणि समाजाबद्दल प्रश्न विचारतात. तिथे तीन वर्षं टिकलेलं एक काम दाखवता आलं की बोलणं सोपं जातं. शेजारच्या गावाशी संबंध चांगले असले की गाड्यांच्या ये-जा किंवा आवाजावरून वाद झाला तरी तो बोलून मिटतो.

संस्थेमार्फत करणार असाल तर तिची सीएसआर-१ नोंदणी, म्हणजे सीएसआरची कामं घेण्यासाठी संस्थेला करावी लागणारी सरकारी नोंदणी, आधी तपासा. आणि मार्चची वाट बघू नका. शेवटच्या आठवड्यात दिलेला चेक बहुतेक वेळा ज्याची ओळख असते त्याच्याकडे जातो. जूनमध्येच आयटीआयच्या प्राचार्यांना भेटा आणि त्यांना काय कमी पडतंय ते विचारा.