कोपऱ्यातला ठिपका

प्रश्न : लहानपणी टॉकीजमध्ये सिनेमा बघताना पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकून जायचा आणि लगेच पुन्हा एकदा. मोठा भाऊ म्हणायचा, प्रिंट जुनी आहे. पण नव्या सिनेमातही तो असायचाच. मधूनच चित्र पिवळट पडायचं आणि शिट्ट्या सुरू व्हायच्या, तेव्हा वर केबिनमध्ये काय चाललेलं असायचं?

उत्तर : तुमच्या भावाला सांगा, तो ठिपका प्रेक्षकांसाठी नव्हताच. तो माझ्यासाठी होता. मी ऑपरेटर होतो.

अख्खा सिनेमा एका रिळात मावत नाही. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे २००० फुटांचं रीळ २२ मिनिटांत संपलं. म्हणून केबिनमध्ये दोन मशिनं. एकावर रीळ चालू, दुसऱ्यावर पुढचं चढवून तयार. पहिला ठिपका दिसला की दुसऱ्याची मोटर चालू करायची. ती वेग घेते तोवर सात-आठ सेकंदांत दुसरा ठिपका येतो, की इकडची झडप बंद, तिकडची उघडी. ठिपका टिकायचा जेमतेम चार फ्रेम, सेकंदाचा सहावा भाग. शिंक आली की गेला! कितीतरी ऑपरेटरांचा कंपनीच्या ठिपक्यावर भरवसा नसायचा, ते सुईने स्वतःची खूण खरवडून ठेवायचे. गावोगाव फिरून आलेल्या प्रिंटवर मग नुसती नक्षी. त्यातली खरी खूण कुठली ते पहिल्या खेळाला कळायचं, तेही लोकांच्या आरड्याओरड्यावरून.

आता पिवळट चित्राचं. आमच्या मशिनात बल्ब नव्हता, कार्बन होते. पेन्सिलीसारख्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, टोकांमध्ये वीज उडते, मागचा आरसा तो उजेड फिल्मवर फेकतो. कांड्या जळून आखूड होतात, मधलं अंतर वाढतं आणि उजेड भरकटतो. मोटर त्यांना पुढे सरकवायची, पण तिचा हिशेब कायम थोडा चुकलेला. काळ्या काचेतून बघत हाताने चाकी फिरवावी लागे. तुम्ही शिट्ट्या मारत होतात तेव्हा मी बहुधा रीळ गुंडाळत होतो. झोपलो नव्हतो. (एकदा झोपलो होतो. पांढराफटक पडदा आणि खाली नुसता हलकल्लोळ. त्या रात्री मागच्या दाराने घरी गेलो.) पुढे झेनॉनचे दिवे आले आणि ही कटकट संपली.

फिल्म तुटली की काम वाढायचं. तुटकी टोकं कापायची, एका टोकावरचा चित्राचा थर ब्लेडने खरवडायचा, सिमेंट (फिल्म चिकटवायचा द्रव) लावून दाबून धरायचं. अंधारात थराची बाजू कुठली हे कसं ओळखायचं? ओठांत धरायची. जी बाजू ओठाला चिकटते ती थराची. माझ्या उस्तादांनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं, बाकी सगळं नंतर. जोडाच्या जागी आधी चित्र उडी मारतं आणि पाऊण-एक सेकंदाने आवाज ‘टक्’ करतो, कारण मशिनात आवाज वाचणारा भाग चित्राच्या खिडकीपासून वीसएक फ्रेम पुढे असतो. प्रेक्षकांना वाटायचं दोन वेगळे बिघाड आहेत.

आणि सगळे उंच, काटकुळे दिसायचे तो प्रकार आठवतो? सिनेमास्कोपचं, म्हणजे फिल्मवर आडवं दाबून छापलेलं चित्र पडद्यावर रुंद करणारं भिंग लावायचं राहून गेलेलं असायचं. हा गुन्हा मात्र आमचाच.

मी किती सिनेमे पाहिले, असं लोक विचारतात. शेकडो चालवले, धड पाहिला एकही नाही. गोष्ट रंगात आली की माझी नजर कोपऱ्यात.

जुना सिनेमा टीव्हीवर लागला तर तुम्हीही बघा. टीव्हीसाठी खुणा असलेली प्रिंटच वापरली असेल आणि पुढे कुणी पुसल्या नसतील, तर ठिपके अजून दिसतात. पहिला दिसला की मनात सात-आठ मोजा. माझी बायको म्हणते, तेवढ्या वेळात माझा उजवा हात सोफ्याच्या कडेला काहीतरी चाचपत असतो.