जुन्या ट्यूब अॅम्पचा रिव्हर्ब अचानक गेला, नवा टँक मागवू का?

तुम्ही लिहिलंय की अॅम्प साठच्या दशकातला फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब आहे. गिटारचा मूळ आवाज ठणठणीत आहे, पण रिव्हर्ब, म्हणजे मागे रेंगाळणारा घुमारा, एका दिवसात नाहीसा झाला. नॉब दहावर नेला तर फक्त खरखर वाढते. रिव्हर्बला सिग्नल देणारी १२एटी७ ट्यूब नवी घालून पाहिली, फरक नाही. म्हणून आता टँक, म्हणजे रिव्हर्बच्या स्प्रिंगांची धातूची पेटी, बदलायचं मनात आहे.

इतक्यात टँक मागवू नका. तुमच्याच प्रश्नात एक फार उपयोगाची गोष्ट आहे: नॉबबरोबर खरखर वाढते. रिव्हर्बचा नॉब असतो रिकव्हरी ट्यूबच्या, म्हणजे टँकमधून परत आलेला सिग्नल वाढवणाऱ्या ट्यूबच्या, पुढे. खरखर त्याच्या तालावर वाढते म्हणजे ती ट्यूब काम करते आहे, नॉब शाबूत आहे, आणि फूटस्विचची केबल आत कुठे शॉर्ट झालेली नाही. या अॅम्पमध्ये फूटस्विच शॉर्ट झाला की रिव्हर्ब बंद होतो. त्यामुळे खराब केबलने रिव्हर्ब गेल्याची उदाहरणं पुष्कळ असतात, तुमचं बहुधा त्यातलं नाही. तरी एकदा फूटस्विच पूर्ण काढून बघा. आणि गिटार व्हायब्रॅटो चॅनेललाच आहे ना, तेही बघा. नॉर्मल चॅनेलला या अॅम्पमध्ये रिव्हर्ब नसतोच.

आता खरी चाचणी. अॅम्प चालू ठेवा, रिव्हर्ब चार-पाचवर ठेवा, कॅबिनेटची एक बाजू बोटभर उचला आणि सोडा. स्प्रिंगांचा तो ढगांच्या गडगडाटासारखा आवाज स्पीकरमधून आला पाहिजे.

या एका ठोक्याने काम निम्मं होतं. गडगडाट आला, तर स्प्रिंगा, टँकची आउटपुट कॉइल, तिथून अॅम्पकडे येणारी केबल आणि रिकव्हरी ट्यूब, सगळं ठीक. दोष टँकमध्ये सिग्नल पाठवणाऱ्या बाजूला आहे: ड्रायव्हर ट्यूब, रिव्हर्बचा छोटा ट्रान्सफॉर्मर, जाणारी केबल किंवा इनपुट कॉइल. गडगडाट नाही आला, तर परतीची बाजू तपासायची. अशा वेळी नॉब वाढवल्यावर खरखरीबरोबर घुमणारा हमही बराच वाढत असेल, तर आउटपुट कॉइल किंवा परतीची केबल तुटली असण्याची शक्यता जास्त, कारण ट्यूबच्या ग्रिडला, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या टोकाला, समोर काही जोडलेलंच राहत नाही. उलट सगळं फारच शांत असेल तर ती केबल शॉर्ट असू शकते.

पुढची पायरी मल्टिमीटरची. अॅम्प बंद करा, प्लग काढा, टँकच्या दोन्ही आरसीए केबल टँकच्या बाजूने काढा आणि टँकच्या सॉकेटांवर ओम मोजा. इथे खूप जण फसतात. इनपुट ८ ओमचं म्हणतात, पण ते इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या सिग्नलला होणारा रोध; साध्या मीटरवर एक ओमच्याही किंचित खालीच दिसतं. लोकांना वाटतं कॉइल शॉर्ट झाली आणि चांगला टँक फेकला जातो. आउटपुट २२५० ओमचं म्हणतात, मीटरवर ते २०० च्या आसपास दिसतं. हे दोन आकडे मिळाले तर कॉइली जिवंत आहेत. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून आधी तारांचा स्वतःचा रोध वजा करायला विसरू नका, नाहीतर एक ओमच्या मोजणीला काही अर्थ उरत नाही. मग त्याच मीटरने दोन्ही केबली टोकापासून टोकापर्यंत तपासा, तपासताना हलवत राहा. प्लगच्या गळ्याशी तुटलेली तार सरळ धरली की जोडली जाते आणि वाकवली की सुटते.

माझ्या स्वतःच्या अॅम्पमध्ये दोष नेमका कुठे सापडला ते सांगतो, कारण तुमचं वर्णन त्याच्याशी बरंच जुळतं. ठोक्याला गडगडाट होता, गिटारचा रिव्हर्ब मात्र शून्य. मी अॅम्प बंद करून जाणाऱ्या केबलचा प्लग टँकमधून काढला आणि त्याची मधली पिन व बाहेरची कडी एका छोट्या ८ ओमच्या स्पीकरला जोडली. अॅम्प चालू करून गिटार हळू वाजवली, तर त्या स्पीकरमधून पातळ, किरटा आवाज आला. आवाज पातळच यायचा असतो. ड्रायव्हरच्या वाटेवर ५०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि १ मेगओमचा रेझिस्टर आहे, त्यामुळे साधारण ३२० हर्ट्झच्या खालचं अडतं. म्हणजे ट्यूब, ट्रान्सफॉर्मर, केबल तिन्ही बरोबर. उरली इनपुट कॉइल.

टँक उलटा करून टेबलावर ठेवला, दिव्याखाली. चार स्प्रिंगा दिसतात, पण त्या दोन ओळी असतात, प्रत्येक ओळीत दोन स्प्रिंगा मधे जोडलेल्या. टोकाला कॉइल, आणि कॉइलची केसासारखी तार बाजूच्या पिनेवर सोल्डर केलेली. नुसत्या डोळ्यांनी सगळं नीट दिसत होतं. भिंग लावलं तरी काही कळेना. मग दातकोरणीच्या टोकाने ती तार पिनेपाशी अगदी हलकेच ढकलली आणि मीटरकडे बघत राहिलो: आकडा आला, गेला, पुन्हा आला. सोल्डरच्या कडेलाच तार तुटली होती आणि तुटलेली दोन टोकं एकमेकांना टेकून बसली होती.

दुरुस्ती दहा मिनिटांची, पण हात स्थिर हवा. तारेवरचं लॅकर ब्लेडच्या पाठीने हलकेच खरवडायचं, टोकाला सोल्डरचा पातळ थर द्यायचा, पिनेला एक वेढा द्यायचा आणि बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने चटकन सोल्डर करायचं. तार ताणून बसवू नका, किंचित सैल ठेवा. ताण राहिला तर ती पुन्हा तिथेच तुटेल. आणि स्प्रिंगांना बोट लावू नका. टोकाचे इवलेसे चुंबक कॉइलच्या कोअरच्या फटीत मधोमध तरंगत असतात. एखादा कडेला टेकला तर रिव्हर्ब क्षीण आणि फाटका होतो.

दोन्ही कॉइली आणि केबली बरोबर निघाल्या आणि छोट्या स्पीकरवर आवाज आलाच नाही, तर मामला ड्रायव्हरचा. मागून बघताना उजवीकडून तिसरी छोटी ट्यूब ती १२एटी७. तिचे दोन्ही अर्धे समांतर जोडलेले असतात. डेटाशीटमध्ये तिच्या प्लेटची मर्यादा ३०० व्होल्ट आहे, इथे तिला ४०० च्या वर ठेवलं जातं. म्हणून नवी ट्यूबसुद्धा नीट निघेलच असं नाही. फेज इन्व्हर्टरची (मोठ्या पॉवर ट्यूबांना सिग्नल देणारी), म्हणजे छोट्या ट्यूबांपैकी सहावी ट्यूबही १२एटी७च असते. अॅम्प बंद करून, ट्यूबा थंड झाल्यावर त्या दोघींची अदलाबदल करून बघा, काही विकत घ्यावं लागत नाही.

त्याच्या पुढे चॅसी उघडावी लागते. तिथे मी तुम्हाला आग्रहाने सांगतो: हाय व्होल्टेजवर याआधी काम केलं नसेल तर हात घालू नका. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरांमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो. तंत्रज्ञाकडे द्या आणि त्याला १२एटी७ च्या पिना मोजायला सांगा. १ आणि ६ वर प्लेटचं व्होल्टेज, ३ आणि ८ वर कॅथोडचे साधारण ८-९ व्होल्ट. प्लेटवर काहीच नसेल तर ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी वाइंडिंग तुटलेलं असण्याची शक्यता मोठी. प्लेटवर व्होल्टेज आहे पण कॅथोडवर शून्य, तर ट्यूबमधून करंट वाहत नाही. कॅथोड भलताच वर चढला असेल तर २.२ किलोओमचा कॅथोड रेझिस्टर बघावा.

कॉइल आतूनच जळली असेल तर मात्र टँक बदलावा लागेल. तेव्हा कोड नीट वाचा: ४एबी३सी१बी. पहिलं ए म्हणजे ८ ओम इनपुट, बी म्हणजे २२५० ओम आउटपुट, ३ म्हणजे लांब डिके, आवाज विरायला जास्त वेळ. दिसायला अगदी सारखा पण इनपुटला ए ऐवजी ई किंवा एफ असलेला टँक या ट्रान्सफॉर्मरवर रिव्हर्ब जेमतेम देतो, आणि मग पुन्हा ट्यूबांवर संशय सुरू होतो. पुढचं सी अर्थिंगचं आहे: इनपुट सॉकेट टँकच्या धातूपासून वेगळं, आउटपुट सॉकेट धातूला जोडलेलं. तिथे दुसरं अक्षर आलं की रिव्हर्ब चालतो, पण हम सोबत येतो. जुन्या टँकमध्येही इनपुट सॉकेटचा इन्सुलेटिंग वॉशर झिजला की तसाच हम येतो.

परत बसवताना आउटपुटचं टोक पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या बाजूला ठेवा, उघडी बाजू खाली, आणि टँकच्या पिशवीतला पुठ्ठा होता तसाच लावा. पुठ्ठा नसला तर आवाज वाढवल्यावर स्प्रिंगा कॅबिनेटबरोबर घुमायला लागतात.

ठोका दिल्यावर गडगडाट आला का, आणि दोन्ही सॉकेटांवर किती ओम दिसले, एवढं कळवा. या तीन उत्तरांवरून दोष कुठल्या बाजूला आहे ते इथूनच सांगता येईल.