‘दूध वाढलं’ म्हणणारी मुलगी

‘मॅडम, हिच्या डोक्यात काही शिरतच नाही हो.’ साडेचार वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊन आई सांगत होती. वाटीतलं दूध उंच ग्लासात ओतलं की मुलगी म्हणते, दूध वाढलं. बाबांनी आठ दिवस रोज तिची परीक्षा घेतली. ‘पुन्हा बघ. नीट बघ. आता सांग.’ आता ग्लास दिसला तरी ती रडते.

या वयात मुलांची नजर दुधाच्या उंचीवर जाते, ग्लास अरुंद आहे हे सुटतं. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी हे फार पूर्वी दाखवून दिलंय आणि दूध तेवढंच आहे हे सहा-सात वर्षांच्या सुमारास आपसूक उमगतं. एवढं मी पालकांना नेहमीच सांगते. पण इथे मला खटकलं ते ‘पुन्हा बघ’.

मी चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या, सहा-सहाच्या. ‘सारखे आहेत?’ ‘हो.’ मग एक ओळ हाताने पसरवून तेच विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, ‘यात जास्त.’

थोड्या वेळाने परत ओळी मांडल्या. या वेळी माझ्या कापडी माकडाने उडी मारून एक ओळ विस्कटली. ‘अगं बाई, काय केलं बघ याने! आता सारखे आहेत का गं?’

‘सारखेच आहेत की, मावशी! त्याने नुसते सरकवले.’

आई बघतच राहिली. युक्ती माझी नाही. एडिनबरात जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली खट्याळ टेडी अस्वलाकडून अशीच ओळ विस्कटवली, तेव्हा चार ते सहा वर्षांच्या कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी हलवून तोच प्रश्न परत विचारला, की मुलाला वाटतं, आपलं आधीचं उत्तर चुकलं असणार. हाही तर्कच आहे, आणि चांगला तर्क आहे!

बाबांना फोनवर एवढंच सांगितलं: परीक्षा बंद. आंघोळीच्या वेळी तांब्या, मग, वाटी तिच्या हातात द्या, हवं तेवढं ओतू दे. विचारायचंच असेल तर एकदाच विचारा, ‘तुला असं का वाटलं?’

तीन आठवड्यांनी आई आली. ग्लासातलं दूध अजूनही ‘वाढतं’. पण का, ते ती आता न रडता सांगते: ‘वरपर्यंत आलंय ना!’ बाबांनी ते तारीख घालून डायरीत लिहून ठेवलंय.